मास्क खाली आला की आधी स्वतःचा: झोपाळ्याच्या कडीखालची तालीम

आमच्या डोंबिवलीच्या घरात हॉलमध्ये झोपाळ्याची कडी आहे. झोपाळा केव्हाच काढला, पण कडी राहिली. तिला दोरी बांधून मी ऑक्सिजनचा एक पिवळा मास्क टांगला आहे, विमानात डोक्यावरून खाली येतो तसाच. मुदत संपल्यामुळे बाद झालेला, शिकवण्यापुरता उरलेला. ३१ वर्षं मी मुंबईत विमानांच्या देखभालीत काढली. आता निवृत्त आहे, पण घरातलं कुणी विमानाने जाणार असेल तर आदल्या रात्री जेवणं झाली की त्याला त्या कडीखाली खुर्चीत बसवतो आणि घड्याळ लावतो.

गेल्या दिवाळीत माझी थोरली बहीण नातीला घेऊन दिल्लीला निघाली होती. ताई ७१ वर्षांची, नात सहा वर्षांची. मी म्हटलं, "ताई, मास्क खाली आला असं समज आणि लाव." तिने मास्क हातात घेतला, चष्मा काढला, चष्मा कुठे ठेवावा म्हणून इकडेतिकडे पाहिलं, मग मास्क नातीच्या तोंडाला लावला, तिचे केस नीट केले आणि म्हणाली, "झालं." घड्याळात २३ सेकंद झाले होते आणि तिच्या स्वतःच्या तोंडावर मास्क नव्हता.

"ताई, तू आत्ता बेशुद्ध पडायच्या बेताला आहेस," मी म्हणालो. तिला ते पटेना. म्हणून आधी हवेचं गणित सांगतो, मग कृती.

हवेत ऑक्सिजन सगळीकडे २१ टक्केच असतो, खाली आणि वरही. वर कमी होतो तो हवेचा दाब. ३५,००० फुटांवर, म्हणजे एव्हरेस्टच्या माथ्यापेक्षाही जवळजवळ दोन किलोमीटर वर, बाहेरचा दाब समुद्रसपाटीच्या पाव भागाइतकाच उरतो. तेवढ्या दाबाला फुप्फुसातला ऑक्सिजन रक्तात शिरत नाही. उलट रक्तातला बाहेर यायला लागतो. म्हणून बहुतेक विमानांत इंजिनातून दाबलेली हवा घेऊन ती केबिनमध्ये सोडतात आणि शेपटीकडच्या एका झडपेतून मोजून बाहेर जाऊ देतात. आत ८,००० फुटांपेक्षा जास्त उंचीसारखी हवा होणार नाही इतका दाब राखतात. कळसूबाईचा माथा १,६४६ मीटर आहे. तुम्ही विमानात बसून चहा पिता तेव्हा शरीराच्या हिशेबाने त्याच्याही पाऊण किलोमीटर वर बसलेले असू शकता. काही नव्या विमानांत हा आकडा ६,००० फुटांपर्यंत खाली आणला आहे, आणि लांबच्या प्रवासानंतर शरीराला तो फरक जाणवतो.

हा दाब गेला, तर केबिनची हवा १४,००० फुटांच्या आसपासच्या हवेसारखी विरळ झाली की डोक्यावरची झाकणं आपोआप उघडतात आणि मास्क खाली येतात. ३५,००० फुटांवर मास्कशिवाय माणसाचं डोकं ठिकाणावर राहतं ते जेमतेम अर्धा ते एक मिनिट. दाब झटक्यात गेला तर त्याहूनही कमी. शुद्ध त्यानंतर जाते. पण हाताला काय करायचं ते डोक्याने सांगण्याची मुदत एवढीच.

यात सगळ्यात वाईट गोष्ट ही की तुम्हाला त्रास होत नाही. श्वास कोंडला की जीव कासावीस होतो तो कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. इथे तो उच्छ्वासाबरोबर बाहेर पडतच असतो, त्यामुळे गुदमरल्यासारखं वाटत नाही. हलकं वाटतं, काहींना तर मजा वाटते. नखं निळी पडतात, साधी बेरीज जमत नाही, आणि माणूस म्हणतो, मला काही झालेलं नाही. "आधी बाळाला लावते, मला काही होत नाहीये" हे वाक्य त्याच डोक्यातून येतं. आई बेशुद्ध पडली तर सहा वर्षांचं मूल तिला मास्क लावू शकत नाही. मूल दहा-पंधरा सेकंद मास्कविना राहिलं तर आई त्याला नक्की लावू शकते. ताईला पटलं ते एवढ्याने.

मास्क यायच्या आधीचं काम

पट्टा. खुणेचा दिवा विझला तरी पट्टा बांधलेलाच ठेवा, थोडा सैल केला तरी चालेल. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाईमध्ये हिलोहून होनोलुलूला निघालेल्या अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चं पुढच्या भागातलं छप्पर २४,००० फुटांवर उडून गेलं. प्रवाशांनी पट्टे बांधलेले होते, त्यामुळे उघड्या आकाशाखाली बसून ते सगळे जमिनीवर परत आले. त्या वेळी उभ्या असलेल्या क्लाराबेल लान्सिंग या अनुभवी केबिन क्रू सदस्य मात्र बाहेर फेकल्या गेल्या. त्या कामावर उभ्या होत्या. तुम्हाला उभं राहायचं कारण नाही.

बसल्यावर एकदा वर पाहून झाकण कुठे आहे ते बघून ठेवा. तीन जणांच्या ओळीवर बहुतेक विमानांत चार मास्क असतात, मांडीवरच्या बाळासाठी किंवा वाटेत उभ्या असलेल्यासाठी एक जादा. म्हणूनच मांडीवर बाळ असलेल्या दोघींना एकाच बाजूच्या एकाच ओळीत सहसा बसू देत नाहीत. जागा बदलून मागताना हे लक्षात असू द्या.

त्या क्षणी काय दिसतं

दाब झटक्यात गेला तर मोठा आवाज होतो, कानांना दडे बसून सुटतात, धूळ आणि कागद उडतात आणि केबिनमध्ये एकदम धुकं पसरतं. लोक त्याला धूर समजतात. तो धूर नसतो. हवा अचानक थंड झाली की तिच्यातली वाफ दिसू लागते, पावसाळ्यात माळशेज घाटात दिसते तशी. काही सेकंदांत ते विरतं. त्या क्षणी श्वास रोखून धरू नका. फुप्फुसातली हवा फुगत असते, तिला तोंड उघडून बाहेर जाऊ द्या. पोटातला वायूही फुगतो, त्याची लाज बाळगू नका.

दाब हळूहळू गेला तर यातलं काहीच होत नाही. कान दुखतात, थोडी थंडी वाजते, आणि मग मास्क खाली येतात. २० सप्टेंबर २०१८ ला मुंबईहून जयपूरला निघालेल्या विमानात इंजिनाची हवा केबिनमध्ये सोडणाऱ्या कळा चालू करायच्या राहून गेल्या. १६६ प्रवासी होते. तीसेक जणांच्या नाकाकानांतून रक्त आलं, विमान मुंबईला परतलं. स्फोट नाही, भोक नाही. म्हणून मास्क दिसला की "खरंच काही झालंय का" याचा विचार करत बसू नका. आधी लावा, विचार मागून करा.

कृती

हात वर करा आणि मास्क जोरात खाली ओढा, तोंडापर्यंत. या ओढण्याला महत्त्व आहे. मास्कला एक बारीक दोरी असते, तिच्या टोकाला पिन असते आणि ती निघाल्याशिवाय ऑक्सिजन सुरूच होत नाही. मास्क नुसता लोंबकळत असताना त्याच्याकडे तोंड नेलं तर तुम्ही रिकाम्या पेल्यातून श्वास घेताय. ताईने पहिल्यांदा अगदी हळुवार ओढला होता, देव्हाऱ्यातली घंटा वाजवावी तसा. तसं नाही. विहिरीवरचा दोर ओढतो तसा ओढा.

मग नाक आणि तोंड दोन्ही झाका. १७ एप्रिल २०१८ ला न्यूयॉर्कहून डॅलसला जाणाऱ्या साउथवेस्टच्या विमानाचं इंजिन फुटलं, खिडकी गेली, आणि टॅमी जो शल्ट्स या वैमानिकेने ते फिलाडेल्फियाला उतरवलं. आतले फोटो नंतर जगभर गेले. त्यात कितीतरी प्रवाशांचे मास्क नुसते तोंडावर आहेत, नाक उघडं. आम्हा हँगरमधल्या लोकांनी ते फोटो पाहून कपाळाला हात लावला. नाक उघडं राहिलं की श्वास नाकानेही घेतला जातो, आणि नाकासमोर असते तीच विरळ हवा. वरची कड नाकाच्या हाडावर, खालची हनुवटीवर. तोंडाला साधा कापडी किंवा सर्जिकल मास्क असेल तर तो आधी खाली ओढा.

इलॅस्टिक डोक्यामागे न्या आणि दोन्ही बाजूंच्या टोकांनी घट्ट करा. अंबाडा असेल तर इलॅस्टिक त्याच्या खाली, मानेवर घ्या. ताईचं अंबाड्याच्या आकड्यातच अडकलं होतं. अडकलं तर सोडवत बसू नका, मास्क हाताने चेहऱ्यावर दाबून धरा. चष्मा काढायची गरज नाही. पडला तर पडू द्या.

नळीजवळची पिशवी फुगली नाही म्हणून मास्क काढू नका. लोकांची सर्वात जास्त गल्लत इथेच होते. ऑक्सिजन बारीक धारेने सतत येत असतो. तुम्ही श्वास सोडता तेवढ्या वेळात तो पिशवीत साठतो आणि श्वास घेतला की आधी तो छातीत जातो, उरलेली गरज आजूबाजूच्या हवेतून भागते. भरभर श्वास घेणाऱ्याची पिशवी कधी फुगलेली दिसणारच नाही. नेहमीसारखा श्वास घ्या.

आता शेजारचं मूल, म्हातारं माणूस, बाळ. बाळ डोकं हलवेल, रडेल. रडताना ते खोल श्वास घेतं, त्यामुळे मास्क नाकातोंडावर धरून ठेवलात तरी पुरे.

आणि एक. करपल्यासारखा, गरम धातूसारखा वास येईल. येऊ द्या. बहुतेक विमानांत प्रवाशांच्या डोक्यावर ऑक्सिजनच्या टाक्या नसतात. तिथे हातभर लांबीच्या आतले धातूचे डबे असतात, आत सोडियम क्लोरेट आणि थोडी लोहभुकटी. पिन निघाली की ठिणगी पडते, ते मिश्रण धीम्या गतीने जळत जातं आणि त्यातून ऑक्सिजन सुटतो. एकदा सुरू झालं की थांबवता येत नाही. साधारण १२ ते १५ मिनिटं चालतं, काही विमानांत जास्त. एका डब्यावर त्या ओळीचे सगळे मास्क असतात, त्यामुळे शेजाऱ्याने ओढला तर तुमचाही सुरू होतो. तरी आपला आपण ओढावा.

हा वास मी हँगरमध्ये घेतला आहे. मोठ्या तपासणीत आम्ही सगळे मास्क एकदम पाडून बघतो. त्याआधी प्रत्येक डब्यात लाल फीत लावलेली सुरक्षेची पिन घालतात, म्हणजे तो पेटत नाही. एकदा एका डब्याला ती नीट बसली नव्हती. आमच्यातला एक पोरगा मास्क गोळा करायला गेला, दोरी ओढली गेली आणि डबा पेटला. आवाज काही नाही. नुसता वास, आणि दोन मिनिटांत डबा इतका तापला की हातमोजा घालूनही धरवेना. त्याचा पृष्ठभाग दोनशे अंशांच्या पुढे जातो. वर तो उष्णतारोधक आच्छादनात बसवलेला असतो म्हणून तुम्हाला त्रास नाही, पण उघड्या झाकणात हात घालून डबा चाचपायला जाऊ नका. हेच डबे निष्काळजीपणे खोक्यात भरून सामानाच्या कप्प्यात ठेवले की काय होतं ते ११ मे १९९६ ला फ्लोरिडात दिसलं. व्हॅल्यूजेटच्या विमानाला त्यांच्यामुळे आग लागली आणि ११० माणसं गेली. त्या डब्यांवर सुरक्षेची टोपणं नव्हती. आमच्या धंद्यात एका टोपणाची किंमत अशी असते.

पाडलेले मास्क परत भरायचं कामही हाताचंच. नळीचं वेटोळं, पिशवीची ठरावीक घडी, वर मास्क, मग झाकण. एका विमानात दोनशेच्या आसपास. पाठ मोडते, पण घाई केली तर नळीला पीळ पडतो. मी प्रत्येक घडी घालताना तिथे ताई बसली आहे असं समजत असे.

तुमच्या डोक्यावरचं झाकण उघडलंच नाही, तर शेजारच्या ओळीतला जादा मास्क घ्या आणि ओरडून सांगा. केबिन क्रूजवळ बारीक सुईसारखं एक हत्यार असतं, त्याने झाकण बाहेरून उघडतं. मात्र पहिल्या काही मिनिटांत क्रू तुमच्या मदतीला येतील असं धरून चालू नका. जवळचा मास्क लावून, असतील तिथे बसून राहण्याचा नियम त्यांनाही आहे. संडासात असाल तर तिथेही मास्क खाली येतो. लावा, बसा, कठडा धरा. आपल्या जागेवर पळत जायचा प्रयत्न करू नका. वाटेत असाल तर जवळच्या रिकाम्या जागेवर बसा, जागा नसेल तर कुणाच्याही शेजारी घुसा.

मग विमान खाली जातं

पुढची पाच-सहा मिनिटं भीतीची असतात आणि ती भीती अनाठायी असते. वैमानिक स्वतःचे मास्क लावतात, ते एका हाताने पाच सेकंदांत चढवता येतात. मग ते विमान वेगाने १०,००० फुटांकडे आणतात, कारण तिथे मास्कशिवाय श्वास घेता येतो. नाक खाली जातं, पंखांवरचे वेग कमी करणारे पत्रे वर उचलले जातात, त्याने विमान थरथरतं. लोकांना वाटतं, पडतोय. पडत नाही, उतरवतायत. त्या वेळी मास्क काढून घोषणा ऐकायचा प्रयत्न करू नका. मास्क लावलेल्या माणसाचा आवाज स्पीकरवर घोगरा येतो, शब्द कळले नाहीत तरी चालतील. खाली येताना कान दुखतात. आवंढा गिळा, जांभई द्या. क्रूने सांगेपर्यंत मास्क काढू नका.

लेहसारख्या मार्गावर गोष्ट थोडी वेगळी. लेहचा विमानतळच १०,६८२ फुटांवर आहे आणि वाटेतले डोंगर त्याहून कितीतरी उंच, त्यामुळे तिथे विमान डोंगर चुकवत टप्प्याटप्प्याने उतरतं. मार्ग ठरवतानाच ऑक्सिजन किती मिनिटांचा आहे ते पाहिलेलं असतं.

पण सपाट मुलखावर मास्क खाली आले, दोन-तीन मिनिटं गेली आणि विमान वरच चढतंय किंवा सरळ चाललंय, घोषणाही नाही, तर गप्प बसू नका. मास्क न काढता हाताने खुणा करा, बेल दाबा, क्रूला कॉकपिटकडे बोट दाखवा. मी हे का सांगतो? १४ ऑगस्ट २००५ मुळे. सायप्रसमधल्या लार्नाकाहून अथेन्सला निघालेल्या हेलिओसच्या बोइंग ७३७ मध्ये दाबाची कळ 'स्वयंचलित'ऐवजी 'हाताने' या खुणेवर राहिली होती. आदल्या रात्रीच्या तपासणीत एका अभियंत्याने ती तशी फिरवली होती. वैमानिकांच्या तीन तपासण्यांतून ती सुटली. धोक्याचा भोंगा वाजला, पण जमिनीवर दुसऱ्या इशाऱ्यासाठीही तोच आवाज असल्याने त्यांचा गैरसमज झाला. केबिनमध्ये मास्क खाली आले, लोकांनी लावले. विमान मात्र चढत राहिलं, ३४,००० फुटांपर्यंत. वैमानिक बेशुद्ध झाले आणि ऑटोपायलट विमान चालवत राहिला. ग्रीसच्या लढाऊ विमानांनी जवळ जाऊन पाहिलं तेव्हा आंद्रेआस प्रोद्रोमू हा केबिन क्रूतला तरुण हातात धरायच्या ऑक्सिजन बाटलीच्या आधाराने कॉकपिटमध्ये पोहोचला होता. तोवर इंधन संपत आलं होतं. १२१ माणसं गेली.

ती कळ आमच्यासारख्याच कुणीतरी फिरवली होती. ती बातमी वाचल्यापासून निवृत्तीच्या दिवसापर्यंत, दाबाची तपासणी झाली की मी दोनदा परत जाऊन ती कळ बोटाने चाचपत असे.

ज्यांनी निघण्याआधीच विचार करायचा

दम्याची किंवा फुप्फुसाची जुनी दुखणी असतील तर साध्या प्रवासातही केबिनची हवा विरळच असते. तिकिटाआधी डॉक्टरांना विचारा आणि विमान कंपनीला कळवा. घरचा ऑक्सिजन सिलिंडर सहसा आत नेऊ देत नाहीत. बॅटरीवरचं छोटं यंत्र परवानगी घेऊन नेता येतं. डोक्यावरचा मास्क आजारासाठी नाही, तो मागून मिळत नाही. दम्याचा पंप खिशात ठेवा, वरच्या कप्प्यातल्या बॅगेत नको. जबर सर्दी असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवूनच निघा.

मालवणला, तारकर्लीला स्कूबा करून त्याच दिवशी गोव्याच्या मोपा विमानतळावरून घरी यायचा बेत करणारे खूप झालेत. करू नका. पाण्याखाली रक्तात मुरलेला नायट्रोजन दाब कमी झाला की बुडबुडे होऊन बाहेर येतो, सोड्याची बाटली उघडावी तसा. एकदाच बुडी मारली असेल तर किमान १२ तास, जास्त वेळा असेल तर किमान १८ तास थांबा. पुरा एक दिवस थांबलात तर उत्तम.

घरची तालीम

मास्क कुठून आणणार? पाव किलो श्रीखंडाचा रिकामा डबा घ्या, दोन बाजूंना भोकं पाडून त्यात इलॅस्टिक ओवा. मधोमध दोरी बांधून दाराच्या चौकटीला टांगा, हात वर केल्यावर लागेल इतक्या उंचीवर. खाली खुर्ची. ओढा, नाक-तोंड झाका, इलॅस्टिक मागे. दहा सेकंदांच्या आत झालं पाहिजे, तेही डोळे मिटून. मग शेजारच्याला. दहा वेळा करा. हाताला सवय लागली की डोकं मंदावलं तरी हात चालतात.

मुलांना वेगळं एकच शिकवायचं: मोठ्या माणसाने आधी स्वतःला मास्क लावला तर रडायचं नाही, तो लगेच तुलाच लावणार आहे. ताईने चौथ्या खेपेला स्वतःचा मास्क सात सेकंदांत लावला. नात शेजारी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती आणि मोठ्याने आकडे मोजत होती. आठ म्हणायच्या आत आजीचा हात तिच्याकडे वळला.